रातले तीन-चारदा उठनं पडस

साठीपुढचे आबा, नाना, तात्या हे वाक्य ओपीडीत बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी बोलतात. गुडघा सांगून होतो, गॅस सांगून होतो, मोतीबिंदू कधी काढायचा तेही विचारून होतं. मग सोबत आलेला मुलगा औषधं घ्यायला बाहेर गेला की खुर्चीतून अर्धं उठत, आवाज खाली आणून: "रातले तीन-चारदा उठनं पडस, डाक्टरसाहेब." म्हणजे रात्री लघवीला तीन-चारदा उठावं लागतं. खरं तर पहिला प्रश्न हाच असायला हवा, म्हणून इथे सुरुवात त्याच्यापासून करतो.

लघवीचा त्रास म्हणजे प्रोस्टेट (लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी असलेली पुरुषांची ग्रंथी), असं आपल्याकडे गावोगावी पक्कं ठरलेलं आहे. निम्मं खरं आहे. साठीनंतर रात्री एकदा उठावं लागलं तर त्यात आजार शोधू नये. दोनदा उठूनही पडल्या पडल्या झोप लागत असेल तरी चालतं. तीनदा-चारदा म्हटलं की मात्र कारण शोधायचं, आणि ते गोळीने नाही, मापाने.

मेडिकलवर खुणा असलेला प्लास्टिकचा युरिन पॉट मिळतो, तो आणा. नसेल तर रुंद तोंडाची जुनी बरणी घ्या. तिच्यात शंभर-शंभर मिली पाणी मोजून ओतत जा आणि दर मापाला बाहेरून मार्करने रेघ मारा. तीन दिवस नि तीन रात्री प्रत्येक वेळची लघवी त्यातच करायची. किती वाजता आणि किती मिली, एवढंच जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर लिहायचं. झोपल्यापासून ते सकाळी उठल्यावरच्या पहिल्या लघवीपर्यंतचा हिशेब रात्रीचा, उरलेला दिवसाचा. सकाळची पहिली लघवी लोक दिवसात धरतात आणि सगळा हिशेब उलटा होतो.

आता आकडे बघा. एका खेपेला ३००-४०० मिली होत असेल तर पिशवी नीट भरते आणि नीट रिकामी होते. म्हणजे शरीरच रात्री लघवी जास्त बनवतंय. चोवीस तासांच्या एकूण लघवीतली एक तृतीयांशाहून जास्त रात्रीच्या खात्यात पडत असेल तर प्रोस्टेटच्या गोळीने फारसं काही हाती लागणार नाही. याउलट दर खेपेला ७०-८० मिलीच होते, सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक आणि थांबत थांबत येते, झाली म्हणून धोतर सावरावं तर थेंब गळतात, असं असेल तर प्रोस्टेट किंवा पिशवी तपासायची. तीन दिवसांचा हा एक कागद सोनोग्राफीच्या आधी डॉक्टरसमोर ठेवलात तर निम्मी चर्चा वाचते.

रात्री लघवी जास्त का बनते? सगळ्यात दुर्लक्षित कारण पायांत असतं. दिवसभर ओट्यावर पाय खाली सोडून बसलेल्या माणसाच्या घोट्यांत पाणी उतरतं. संध्याकाळी नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून ठेवा. खड्डा पडून राहिला तर समजा पाणी आहे. रात्री आडवं झालं की हेच पाणी रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते गाळून बाहेर काढतात, म्हणून बारा, दोन आणि चारच्या फेऱ्या. यावर उपाय फुकटचा आहे: दुपारी चारच्या सुमारास तासभर खाटेवर पडा आणि पायांखाली दोन उशा ठेवा, पाय छातीपेक्षा वर राहतील इतक्या. ते पाणी दिवे लागायच्या आत निघून जातं. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल तर घोटे त्यानेही सुजतात, ते डॉक्टरांना सांगा. सूज अचानक वाढली, पडलं की धाप लागते, उशा वाढवाव्या लागतात, तर तो हृदयाचा प्रश्न आहे. तिथे उशांचे प्रयोग करत बसू नका.

दुसरं कारण गोळीची वेळ. बीपीच्या किंवा सुजेच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असतं आणि ती गोळी जेवणानंतर रात्री घेतली जाते, कारण "रात्रीच आठवण राहते". डॉक्टरांना विचारून ती सकाळवर आणा. तिसरं कारण साखर. चौथं, घोरणं: झोपेत श्वास अडकत असेल तरी रात्रीची लघवी वाढते, आणि हे आबांना नाही, आजींना विचारावं लागतं. पाचवं कारण आपल्या भागातलं. एप्रिल-मे महिन्यात रात्री जेवणानंतर अर्धं टरबूज कापून बसायचं आणि वर उशाशी तांब्या ठेवायचा. टरबूज खा, पण चार वाजता. रात्री सातनंतर पाणी, चहा, ताक कमी करा. मात्र हे कमी केलेलं पाणी दिवसा भरून काढायचंच. भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांत "लघवी नको म्हणून पाणीच नको" असा हिशेब करणारी माणसं मुतखडा आणि किडनी, दोन्ही ओढवून घेतात.

प्रोस्टेटच निघाला तर बहुधा टॅमसुलोसिन मिळतं. ही गोळी रोज एकाच जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यायची. उपाशीपोटी घेतली तर बीपी जास्त खाली येतं. पहिले काही दिवस रात्री उठताना खास जपा, चक्कर येऊन मोरीत पडण्याचे प्रकार याच दिवसांत होतात. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी कधी चालू होती, हे आधी सांगा. हिच्यामुळे बुबुळाचा पडदा ऑपरेशनच्या वेळी सैल पडतो. आधी माहीत असेल तर ते तयारीनिशी करतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गोळी बंद करून मात्र काही उपयोग होत नाही.

दुसरी गोळी असते ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड. ही प्रोस्टेट आकसवते, पण तिला सहा महिने लागतात. "महिना झाला, काही फरक नाही" म्हणून सोडू नका. हिच्याबाबत दोन गोष्टी बहुतेकांना कोणी सांगितलेल्याच नसतात. सहा महिन्यांनंतर ही गोळी रक्तातला पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका तपासायला मोजतात तो आकडा) साधारण निम्म्यावर आणते. म्हणून रिपोर्टवर २ दिसलं तर ते ४ धरून वाचायचं. तपासणाऱ्याला गोळी माहीत नसेल तर "नॉर्मल आहे" असं चुकीचं उत्तर मिळतं. दुसरी गोष्ट घरातली. आबांच्या गोळ्यांची डबी बऱ्याच घरांत सून भरते. सून गरोदर असेल तर तिने फुटलेली कॅप्सूल किंवा तुटलेली गोळी हाताळू नये. हे औषध पोटातल्या मुलग्याच्या वाढीत अडथळा आणू शकतं. तेवढे महिने डबी दुसऱ्या कोणीतरी भरावी.

पीएसएबद्दल आणखी एक. लघवीत जंतुसंसर्ग असताना किंवा नुकतीच नळी घातलेली असताना तो करू नये, उगाच चढलेला येतो आणि घरभर कॅन्सरची भीती पसरते. साधारण सहा आठवडे थांबून करा.

सर्दीची गोळी हा वेगळाच सापळा आहे. दुकानातून मागून घेतलेल्या सर्दीच्या गोळीत नाक सुकवणारी आणि झोप आणणारी जी औषधं असतात, त्यांनी पिशवीचा जोर कमी होतो आणि पिशवीचं तोंड आवळलं जातं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी रात्रीतून पूर्ण तुंबते. अशा वेळी "जोर यावा" म्हणून पाणी पाजत बसतात. ते अजिबात करू नका. पिशवी आणखी ताणली जाते. सरळ दवाखान्यात जाऊन नळी घालून घ्यायची, पाच मिनिटांत माणूस मोकळा होतो. सर्दीला वाफ आणि मिठाच्या पाण्याचे नाकात थेंब पुरतात.

लघवी लाल आली, एकदाच आली, दुखलंही नाही आणि आपोआप थांबली, तरी तपासायचीच. विडी आणि तंबाखूवाल्यांनी तर नक्कीच. तंबाखूतली विषं लघवीतून बाहेर जाताना तासन्‌तास पिशवीत साठून राहतात, पिशवीचा कॅन्सर तिथूनच येतो. आणि त्याची पहिली खूण बहुधा अशी, न दुखणारीच असते.

"उठलं की चक्कर येस"

चक्कर म्हटली की मानेच्या मणक्यावर खापर फुटतं आणि गळ्यात पट्टा येतो. आधी बीपी तीनदा मोजा. पाच मिनिटं आडवं पडून एकदा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर चक्करचं कारण बहुधा तिथेच सापडलं. प्रोस्टेटची गोळी, बीपीची गोळी, झोपेची गोळी आणि अंगात कमी पडलेलं पाणी, या चौघांपैकी दोघं-तिघं एकत्र आलेले असतात. रात्री उठताना खाटेच्या कडेला मिनिटभर बसा, टाचा-चवडे दहा-पंधरा वेळा वरखाली करा, मग उभे राहा. लघवीही बसूनच करा. उभ्याने लघवी करताना बीपी आणखी उतरतं आणि पडायचं ते तिथेच पडतात.

घरच्या मशिनवर बीपी मोजण्यात इतक्या चुका होतात की त्या आकड्यांवर गोळी वाढवायची हिंमत होत नाही. मशीन दंडाचं घ्या, मनगटाचं नको. तंबाखू, विडी, चहा यांच्यानंतर अर्धा तास जाऊ द्या. चुना लावून मळलेली चिमूट ओठात धरून बीपी मोजून घेणारे आहेत, त्यांचा आकडा तंबाखूचा असतो, त्यांचा नाही. आधी लघवी करून या. पाठीला टेका हवा, पाय जमिनीवर सपाट हवेत, मांडी घालून नको. पाच मिनिटं गप्प बसायचं. सदऱ्याची बाही वर गुंडाळली की ती दोरीसारखी दंड आवळते, म्हणून हात बाहीतून काढाच. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. हात लोंबत राहिला तर आकडा वाढतो. मोजताना बोलायचं नाही, आणि घरच्यांनीही "किती आलं, किती आलं" करायचं नाही.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा, ज्या हाताचा आकडा जास्त तोच हात पुढे वापरा. सकाळी गोळीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिटाचं अंतर. असं सात दिवस करा, पहिला दिवस सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. घरचं बीपी १३५/८५ च्या खाली असेल तर ठीक. साखर किंवा किडनीचा त्रास असेल तर तुमचे डॉक्टर याहून कमी सांगतील, ते ऐका. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटा चढतो. आणि दर खेपेला आकडा फार वेगळा येत असेल, नाडीही अडखळत चाललेली लागत असेल, तर मशिनला दोष देऊ नका, ईसीजी काढा.

उन्हाळ्यात बीपी आपोआप थोडं उतरतं. घाम जातो, नसा सैल होतात. आखाजीपर्यंत तीच गोळी, तेवढीच चालू असते आणि मग लग्नाच्या मांडवात माणूस बसल्या जागी घसरतो. गोळी मनाने बंद करायची नाही, पण मार्चअखेर सात दिवसांची नोंद घेऊन एकदा जाऊन यायचं.

दुखीची गोळी आणि मे महिना

हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या किडन्यांचं सगळ्यात जास्त नुकसान मला इथे दिसतं.

गुडघा दुखला की दुकानातून डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन येतं. गोळी गुणकारी आहे, वाद नाही. पण किडनीत रक्त पोहोचवणारी जी बारीक नस असते, तिला उघडी ठेवणारं रसायन ही गोळी बंद पाडते. तुमची बीपीची गोळी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलच्या घरातली असेल तर ती किडनीतून बाहेर जाणारी नस सैल करते. रोजच्या दिवसांत त्याने किडनीचं भलंच होतं. तिसरं, लघवी वाढवणारी गोळी अंगातलं पाणी कमी करते. विहिरीत पाणी कमी, आत येणारी पाइपलाइन आवळलेली, बाहेरची सताड उघडी. मग गाळणीवर दाब राहणार कुठून? ही तिन्ही औषधं एकत्र असताना पंचेचाळीस अंशांत शेतावर दोन दिवस काढले किंवा जुलाब-उलट्या झाल्या, की क्रिएटिनीन (किडनी नीट गाळते का ते सांगणारा रक्तातला आकडा) १.१ वरून ४ वर जायला आठवडा पुरतो. त्यात दुखत काहीच नाही. लघवी कमी होते, मळमळतं, गळून जायला होतं आणि घरचे म्हणतात ऊन लागलं.

म्हणून साठीनंतर दुखीला पहिली गोळी साधी पॅरासिटामॉल, ५०० किंवा ६५० मिग्रॅ, दिवसाला एकूण ३ ग्रॅमच्या आत. दारू रोजची असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी, विचारून. पाकीट उलटं करून वाचा: "पॅरासिटामॉल" म्हणून दिलेल्या पट्टीवर बारीक अक्षरात असेक्लोफेनॅकही लिहिलेलं असतं. गुडघ्यावर डायक्लोफेनॅकचं मलम चोळायला हरकत नाही, त्यातलं रक्तात फार थोडं जातं. आणि कागदाच्या पुडीत कुटून दिलेली, दोन दिवसांत नाचायला लावणारी औषधं घेऊ नका. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. महिनोन्‌महिने घेतली तर साखर चढते, हाडं पोकळ होतात, आणि मग अचानक बंद केली तर बीपी कोसळतं. आधीच घेत असाल तर लपवू नका, पुडी घेऊन दाखवायला या.

गुडघ्याला गोळीपेक्षा मांडीचा जोर उपयोगी पडतो. खुर्चीत बसा, एक पाय सरळ करा, पंजा स्वतःकडे ओढा, दहापर्यंत मोजा, खाली आणा. दर पायाला दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. सहा आठवड्यांच्या आत निकाल लावू नका. काठी दुखऱ्या बाजूला धरायची नाही, उलट्या हातात धरायची आणि दुखऱ्या पायासोबत पुढे टाकायची. उंचीचं माप असं: चप्पल घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा, मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ यायला हवी. घरात पडून असलेली वडिलांची काठी बहुतेक वेळा लांब असते. कापून घ्या, आणि खाली रबराचं बूट बसवा.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या, किंवा दिवसभर पोटात काही टिकत नाही, अशा दिवशी बीपीच्या, लघवीच्या आणि साखरेच्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घेऊन ठेवा. त्यात साखरेच्या मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनचं नाव आवर्जून विचारा. ओआरएसची पुडी एक लिटरची असेल तर पूर्ण लिटरभरच पाण्यात घालायची. अर्धी पुडी ग्लासात टाकून अंदाजपंचे पिऊ नये. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या, नवं करा.

केळ्याचं काय? जळगाव जिल्ह्यात हा प्रश्न विचारला नाही असा आठवडा जात नसावा. एका मध्यम केळ्यात साधारण ४०० मिग्रॅ पोटॅशियम असतं. किडनी ठणठणीत असलेल्या, बीपीवाल्या माणसाला ते चांगलंच. साखर आहे पण आटोक्यात आहे, त्याने एक लहान, फार न पिकलेलं केळं जेवणाऐवजी नाही, जेवणाच्या मोजमापात धरून खावं. पण क्रिएटिनीन वाढलेलं असेल, किंवा टेल्मिसार्टनसोबत पोटॅशियम अंगात राखणारी स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर रावेर-यावलच्या बागेतून घरी आलेला घड समोर असताना हात आखडता घ्यावा लागेल. पोटॅशियम चढलं तर ठोक्यांची लय बिघडते, आणि ते आधी कळत नाही. बीपीसाठी चांगलं म्हणून विकलं जाणारं कमी सोडियमचं मीठ या माणसांना केळ्याहून वाईट, कारण त्यात सोडियम काढून पोटॅशियमच घातलेलं असतं. साधं मीठच घ्या, कमी घ्या. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. भाजीतलं मीठ आजी कमी करतातच. शेवभाजीतली शेव, उडदाचा पापड, लोणचं आणि ठेचा मात्र हिशेबात कोणी धरत नाही. भरिताला माझी हरकत नाही. भरितावरच्या तेलाच्या तवंगाला आहे.

"पायसनी आग व्हस"

पायांची आग होत असेल तर साखर आधी तपासा, मग बी-१२. शाकाहारी घर, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि सकाळची पित्ताची गोळी, ही तिन्ही एकत्र असली की बी-१२ उतरणारच. मेटफॉर्मिन ते शोषू देत नाही आणि पित्ताची गोळी पोटातलं आम्ल कमी करून त्यात भर घालते. आगीला रात्री ओलं फडकं गुंडाळतात, कोणी बर्फ लावतं. बधिर पायाला बर्फाने इजा होते आणि ती कळतही नाही.

साखरवाल्यांनी रात्री पाय आरशावर धरून तळवे बघावेत. नजर कमी असेल तर नातवाला बघायला सांगा. बोटांच्या बेचक्यात ओल राहू देऊ नका, तेल-क्रीम टाचेला लावा, बेचक्यात नाही. भोवऱ्या ब्लेडने काढू नका. चैत्रात सप्तशृंगीला पायी निघणारे आणि मुक्ताईच्या पालखीसोबत पंढरपूरला जाणारे आपल्या भागात खूप. अनवाणी चालायचा नवस असेल आणि पायाला बधिरपणा असेल तर देवीला तेवढं सांगा आणि बूट घाला. आत पांढरे सुती मोजे घाला: फोड फुटला तर पांढऱ्यावर लगेच दिसतं. नवे बूट वारीच्या आदल्या दिवशी घ्यायचे नाहीत, महिनाभर आधी घ्यायचे, आणि संध्याकाळी, पाय सुजलेले असताना मापाचे घ्यायचे. खिशात साखर ठेवा. हातपाय थरथरले, घाम फुटला, डोकं चालेना, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, सुधारलं की काहीतरी खाणं. साखरेची ग्लिमेपिराइड चालू असताना एकादशीचा कडक उपास करायचा असेल तर गोळीचं आधी विचारा. गोळी घेऊन उपास करणं हे सगळ्यात वाईट.

डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या पुरुषांना लिंगाच्या पुढच्या त्वचेला खाज आणि लाली येते, लघवीतून साखर जाते म्हणून. हे कोणीच उघड सांगत नाही, खाजेचं मलम लावत राहतात. रोज कातडी मागे घेऊन साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, आणि दाखवा. साधं बुरशीचं औषध पुरतं.

बद्धकोष्ठाला इसबगोल चांगलं, पण दोन चमचे इसबगोलासोबत पूर्ण ग्लास पाणी हवं, नाहीतर तेच आत घट्ट बसतं. घेतल्या घेतल्या आडवं पडू नका, आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा. सवय नव्याने बदलली, रक्त पडतंय, वजन उतरतंय, तर इसबगोलावर वेळ घालवू नका. जांघेत खोकल्यावर गाठ येते आणि पडल्यावर जाते, ती हर्निया. कुंथून कुंथून लघवी-शौच करणाऱ्यांना ती होण्याची शक्यता जास्त. पट्टा बांधून वर्षं काढतात. गाठ आत जाईना, दुखायला लागली, उलटी झाली, तर त्याच तासाला निघायचं.

राहिला शेवटचा, अगदी दाराशी विचारला जाणारा प्रश्न: ताकदीची गोळी. लाज वाटायचं कारण नाही. साठीतल्या माणसाला ही अडचण नव्याने सुरू झाली असेल तर आधी साखर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करा, कारण तिथल्या नसा हृदयाच्या नसांपेक्षा बारीक असतात आणि आधी बुजतात. गोळी मिळू शकते, पण चोरून नको. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास जिभेखालची सॉर्बिट्रेट (हृदयाच्या छातीदुखीची गोळी) चालत नाही. दोन्ही मिळून बीपी असं पाडतात की माणूस हाती लागत नाही. गंमत अशी की काही प्रोस्टेटच्या गोळ्यांतही टॅमसुलोसिनसोबत टाडालाफिल असतं. माणूस शपथेवर सांगतो, "तसलं काही घेत नाही," आणि रोज घेत असतो.

हे महत्त्वाचं का, तर छातीत दुखलं की आपल्याकडे पहिलं निदान "गॅस". जेवणानंतर बेंबीच्या वर दाटून आलं, थंड घाम फुटला, जबडा किंवा डावा हात भरून आला, पंधरा मिनिटांत सुटलं नाही, तर सोडा आणि ओवा बाजूला ठेवा. १०८ ला फोन करा. अ‍ॅलर्जी नसेल, अल्सर किंवा काळी शी नसेल, तर अ‍ॅस्पिरिनची ३०० किंवा ३२५ मिग्रॅची गोळी चावून खा. शेजाऱ्याच्या डबीतली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवू नका. आणि तोंड वाकडं होणं, हात गळणं, जीभ जड होणं असेल तर अ‍ॅस्पिरिनही नको, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. चोपडा, शिरपूर, शहाद्याच्या पुढच्या गावांतून निघणाऱ्यांनी सीटी असलेलं जवळचं ठिकाण आजच विचारून ठेवावं. लक्षण किती वाजता सुरू झालं ती वेळही लिहून घ्या, तिथे पहिला प्रश्न तोच होतो.

त्यासाठी सदऱ्याच्या आतल्या खिशात एक चिठ्ठी ठेवा, प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत, नाहीतर घामाने शाई पसरते. वर नाव, वय, घरचा फोन. खाली गोळ्यांची नावं, कंपनीचं नको, औषधाचं. किती मिग्रॅ, किती वाजता. कशाची अ‍ॅलर्जी. शेवटचं क्रिएटिनीन आणि त्याची तारीख. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती लाल पेनाने. आणि टाडालाफिल किंवा सिल्डेनाफिल असेल तर तेही लिहायचं. ती चिठ्ठी मुलगा वाचणार असला तरी.